युद्धकालीन तोफांच्या प्रतिकृती : आधी यंत्रणा, मग गोंद

रणगाड्याची प्रतिकृती जोडताना कवचाच्या आत काय आहे याची फारशी काळजी करावी लागत नाही. वरचे झाकण बसले की आतले सगळे नजरेआड होते. तोफेचे तसे नसते. वाहनामागे ओढून नेली जाणारी तोफ हे सर्व बाजूंनी उघडे यंत्र आहे. नळी, तिच्याखालचा आधार, दातेरी कमानी, हातचाके, चाकांचा आस, मागचे लांब पाय आणि पुढची ढाल हे सारे एकाच वेळी दिसते, आणि त्यांतला एखादा भाग दुसऱ्याशी मेळ न साधता बसवला गेला, तर जाणकाराला ते लगेच खटकते. म्हणून तोफेचे किट पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, कोणता भाग काय काम करतो हे कळल्याशिवाय तो चिकटवू नये.

तोफ कशी चालते

गोळा सुटताना नळी जोराने मागे ढकलली जाते. एकोणिसाव्या शतकात बहुतेक मैदानी तोफांत हा धक्का सगळ्या गाड्याला बसत असे आणि प्रत्येक बारानंतर तोफ पुन्हा जागेवर आणून नव्याने नेम धरावा लागे. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी तोफेने यावर समाधानकारक तोड काढली आणि दुसऱ्या महायुद्धातील जवळपास प्रत्येक मैदानी तोफ त्याच तत्त्वावर चालते. नळी क्रेडल नावाच्या लांबट आधारावरून मागे सरकते, द्रवाने भरलेल्या सिलिंडरातला दट्ट्या तिचा वेग मारतो आणि स्प्रिंग किंवा दाबलेली हवा तिला पुन्हा पुढे आणते. क्रेडल दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर वरखाली झुलतो. त्याला उचलणारी दातेरी कमान बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते आणि ती एका हातचाकाने फिरते. नळीचे वजन पुढे जास्त असल्यामुळे अनेक तोफांना समतोल साधणाऱ्या स्प्रिंगांच्या नळकांड्या लावलेल्या असतात. त्यांचे एक टोक गाड्याला आणि दुसरे क्रेडलला जोडलेले असल्यामुळे नळीचा कोन बदलला की त्यांचाही कोन किंवा लांबी बदलते. नळी वर उचललेली आणि समतोलाच्या नळकांड्या मात्र आडव्या नळीच्या हिशेबाने बसवलेल्या, अशी विसंगती तयार प्रतिकृतींमध्ये बऱ्याचदा आढळते.

मागचे पाय, म्हणजे ट्रेल, दोन प्रकारचे असतात. जर्मन पाक ४० ही ७५ मिमी रणगाडाविरोधी तोफ किंवा अमेरिकन १०५ मिमी हॉवित्झर (उंच कमानीने गोळा फेकणारी तोफ) यांचे ट्रेल दुभंगणारे आहेत. बार काढताना ते कात्रीसारखे उघडतात आणि त्यांच्या टोकाचे फाळ जमिनीत रुततात. पाय पसरल्यामुळे त्यांच्या मधल्या जागेत ब्रीच, म्हणजे नळीचे गोळा भरण्याचे मागचे टोक, मागे येऊ शकतो आणि नळी दोन्ही बाजूंना बरीच वळवता येते. पाक ४० मध्ये हे वळण एकूण सुमारे ६५ अंशांचे आहे. ब्रिटिश २५ पौंडी तोफेचा ट्रेल मात्र पेटीसारखा एकसंध आहे. गाडा न हलवता तिची नळी बाजूंना जेमतेम ४-४ अंश वळते, पण तिची चाके एका वर्तुळाकार लोखंडी चबुतऱ्यावर चढवली की ट्रेलचे टोक उचलून एकच माणूस संपूर्ण तोफ हव्या त्या दिशेला फिरवू शकतो. प्रवासात हा चबुतरा ट्रेलच्या खाली टांगलेला असतो. तो एकाच वेळी चाकांखाली आणि ट्रेलखाली असू शकत नाही, हे किट जोडणाऱ्याने निश्चित ध्यानात ठेवावे.

यातून पहिला निर्णय समोर येतो. तोफ बार काढण्याच्या स्थितीत दाखवायची की प्रवासाच्या? सूचनापत्रक बहुधा दोन्ही पर्याय देते, पण ते वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात. निर्णय जोडणीच्या मध्यापर्यंत टाळत राहिल्यास एक पाय एका स्थितीचा आणि एक खिट्टी दुसऱ्या स्थितीची होते. प्रवासाच्या स्थितीत ट्रेल मिटलेले असतात, नळी प्रवासाच्या आडणीने बांधलेली असते, फाळ उचललेले किंवा उलटवलेले असतात, आणि सामान्यतः ट्रेलचे टोक ओढणाऱ्या वाहनाकडे व नळीचे तोंड मागे असते. अमेरिकन १५५ मिमी 'लाँग टॉम'सारख्या लांब नळीच्या तोफेत तर नळी मागे खेचून ट्रेलवर बांधली जात असे. जर्मन ८८ मिमी विमानवेधी तोफेचे प्रकरण आणखी निराळे आहे. तिला क्रूसाच्या आकाराचा पाया आहे. प्रवासात त्याचे बाजूचे दोन हात वर दुमडले जातात आणि पुढेमागे दोन चाकगाड्या जोडल्या जातात. तिची नळी जवळपास ८५ अंशांपर्यंत वर जाते आणि पूर्ण वर्तुळात फिरते.

किट आणि प्रमाण

युद्धसामग्रीच्या प्रतिकृतींत सर्वाधिक प्रचलित प्रमाण १/३५ आहे. त्याखेरीज १/७२, १/७६ आणि १/४८ ही प्रमाणे आहेत. १/३५ मध्ये १७५ सेंमी उंचीचा माणूस ५ सेंमी होतो आणि पाक ४० ची ३.४५ मीटरची नळी साधारण ९.९ सेंमी भरते. सुरुवात करणाऱ्याने याच प्रमाणातली मध्यम आकाराची मैदानी किंवा रणगाडाविरोधी तोफ घ्यावी. १/७२ मध्ये किट लहान म्हणून सोपे असेल, हा समज टिकत नाही, कारण हातचाके आणि खिट्ट्या तिथे केसाएवढ्या होतात. दुसऱ्या टोकाला जर्मन के-५ या रेल्वे तोफेची नळी सुमारे साडेएकवीस मीटर होती. १/३५ मध्ये नुसती नळीच ६१ सेंमी होते, तेव्हा ती ठेवायची कुठे याचा विचार किट घेण्याआधी व्हायला हवा.

जपानच्या तामियाची २५ पौंडी आणि ८८ मिमी तोफेची किटे सत्तरच्या दशकातली आहेत. सुटे भाग मोजके, सांधे नेटके आणि सूचना स्पष्ट असल्यामुळे शिकण्यासाठी ती आजही योग्य आहेत, पण रिव्हेट आणि वेल्डिंगच्या रेषा आजच्या मानाने मोघम वाटतात. तैवानच्या एएफव्ही क्लबने तोफांवर विशेष मेहनत घेतली आहे. त्यांच्या किटमध्ये बारकावे विपुल असतात, मात्र भागांची संख्याही तशीच वाढते. युक्रेनच्या मिनीआर्टच्या काही किटमध्ये तोफेसोबत लिंबर, म्हणजे दारूगोळ्याची जोडगाडी, आणि तोफचींच्या आकृत्याही मिळतात. माझ्या मते पहिल्या तोफेसाठी जुने, साधे किट घ्यावे आणि त्यात स्वतःच्या हाताने सुधारणा कराव्यात. शेकडो भागांच्या किटमध्ये नवखा माणूस सूचनापत्रकाच्या मागे धावत राहतो आणि यंत्र समजून घ्यायचे राहूनच जाते.

किट उघडल्यावर त्याच तोफेची युद्धकालीन छायाचित्रे समोर ठेवावीत. संग्रहालयातील तोफा मोजमापासाठी उपयोगी असल्या तरी त्यांवर पुढच्या काळातले बदल आणि नव्या रंगाचे थर असतात. एकाच तोफेची रूपेही काळानुसार बदलत गेली. २५ पौंडी तोफेच्या नळीच्या टोकावरील मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा, युद्धाच्या उत्तरार्धात आला. वाळवंटातील सुरुवातीच्या लढायांची तोफ करणाऱ्याने तो भाग किटच्या फ्रेमवरच (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) राहू द्यावा.

नळी

तोफेकडे पाहणारी नजर सर्वांत आधी नळीवर जाते, म्हणून सर्वाधिक वेळ तिच्यावर खर्चावा. जुन्या किटमध्ये ती दोन उभ्या अर्धुकांत येते. भाग फ्रेमपासून निपरने थोडा दांडा ठेवूनच तोडावा आणि उरलेला दांडा धारदार पात्याने पातळ काप घेत काढावा. एका फटक्यात कापल्यास प्लास्टिक पांढरे पडते आणि कपचा उडतो. दोन्ही अर्धुकांच्या कडा सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच घासून घ्याव्यात. अर्धुके जुळवून धरावीत आणि पातळ प्लास्टिक सिमेंटचा ब्रश सांध्याला टेकवावा. द्रव फटीतून आपोआप आत ओढला जातो. हे सिमेंट प्लास्टिकला वितळवून जोडते. किंचित दाब दिला की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो पुसू नये, कारण तोच फट भरून काढतो. नळी टेपने बांधून निदान एक दिवस तशीच ठेवावी. पृष्ठभाग लवकर कडक होतो, पण आतले प्लास्टिक मऊच असते आणि घाईने घासल्यास काही दिवसांनी सांध्याच्या जागी खोलगट रेघ उमटते.

घासतानाची खरी अडचण गोलाई राखण्याची आहे. सपाट कानस वापरल्यास सांध्यावर एक चपटी पट्टी तयार होते. साध्या नजरेला ती सुटते, पण रंग दिल्यावर तिच्यावर उजेडाची सरळ रेघ उठते. म्हणून पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून ती नळीभोवती अर्धी गुंडाळावी आणि तिची दोन टोके आलटून पालटून ओढावीत. ४०० पासून सुरुवात करून ६०० आणि १००० पर्यंत जावे, दर काही ओढींनंतर नळी थोडी फिरवावी आणि पेपर ओला ठेवावा. मध्येच नळीवर राखाडी प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) पातळ हात मारून पाहिला की राहिलेल्या खाचा दिसतात. नळीच्या पायऱ्या, म्हणजे जाडी बदलते त्या कडा, बोथट होऊ नयेत यासाठी त्यांच्या लगत मास्किंग टेप लावून ठेवावी.

नळीचे तोंड पोकळ करण्यासाठी ड्रिलचा आकार हिशेबाने काढता येतो. तोफेच्या व्यासाला ३५ ने भागावे: ७५ मिमीसाठी सुमारे २.१ मिमी, २५ पौंडीच्या ८७.६ मिमीसाठी २.५ मिमी, १०५ मिमीसाठी बरोबर ३ मिमी. आधी सुईने मध्यबिंदू पाडावा, १ मिमीच्या ड्रिलने हाताने भोक पाडावे आणि मग टप्प्याटप्प्याने मोठे करावे. मझल ब्रेकची भोके नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठी असतात, ती त्याच मापाने करू नयेत. खरादावर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या तयार नळ्याही मिळतात आणि त्यांत आतले आटेही दिसतात. किटमधली नळी वाकडी निघाली किंवा सांधा काही केल्या जाईना, तर त्या जरूर घ्याव्यात. धातूसाठी प्लास्टिक सिमेंट चालत नाही. तिथे सुपर ग्लू किंवा दोन भागांचे इपॉक्सी लागते.

गाडा आणि ढाल

गाड्याच्या जोडणीत क्रम महत्त्वाचा आहे. आस, ट्रेल आणि मधला पाया हे भाग कोरडे जुळवून, सपाट काचेवर ठेवून पाहावेत. दोन्ही चाके आणि दोन्ही फाळ एकाच वेळी टेकले पाहिजेत. सिमेंट मऊ असतानाच हे साधते. वाळल्यावर एक चाक हवेत राहिले, तर सांधा मोडण्यावाचून मार्ग उरत नाही. नळी वरखाली हलती ठेवायची असेल, तर खुंट्यांच्या टोकांना सिमेंटचा स्पर्शही होऊ देऊ नये. मात्र समतोलाच्या नळकांड्या असलेल्या तोफेत मी नळी हलती ठेवण्याच्या मोहात पडू नका असेच सांगेन. एक कोन निवडावा, सगळे भाग त्याला जुळवावेत आणि पक्के करावेत.

किटमध्ये मऊ व्हिनाइलचे टायर असतील, तर ते थेट प्लास्टिकच्या चकतीवर चढवून ठेवू नयेत. व्हिनाइलमधील मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने झिरपते आणि त्याच्या संपर्कातले पॉलिस्टायरीन वितळू लागते. चकतीवर आधी प्रायमर आणि रंगाचा सलग थर द्यावा. हवेचे टायर असलेल्या जड तोफेचे टायर जमिनीला टेकतात तिथे किंचित चपटे करावेत. भरीव रबराच्या चाकांना हे लागू नाही.

ढालीकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. पाक ४० ची ढाल प्रत्येकी ४ मिमी जाडीच्या दोन पत्र्यांची आहे आणि त्यांच्यात मोकळी जागा आहे. १/३५ मध्ये असा एक पत्रा ०.११ मिमी भरायला हवा. किटमधला प्लास्टिकचा पत्रा साधारण ०.८ मिमी जाड असेल, तर खऱ्या मापात तो २८ मिमी झाला, म्हणजे मैदानी तोफेच्या ढालीऐवजी रणगाड्याचे कवचच. संपूर्ण ढाल घासून एवढी पातळ करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. नजरेला फक्त कड दिसते. कडेपासून आत दोन-तीन मिलिमीटरपर्यंत मागच्या बाजूने पात्याने तिरके खरवडावे आणि नंतर पॉलिश पेपरने उतार गुळगुळीत करावा. समोरून पाहिल्यावर कड पत्र्यासारखी धारदार दिसू लागली की थांबावे. याच कामासाठी पितळी फोटो-एच पत्रे, म्हणजे रसायनाने कोरून काढलेले पातळ भाग, हेही मिळतात. ते वाकवण्याआधी ज्योतीवर तापवून थंड केल्यास मऊ पडतात आणि घडीवर तडकत नाहीत. ढालीच्या मागच्या बाजूचे गोल ठसे साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे असतात. तोफची उभे राहतात त्याच बाजूला ते दिसतात, म्हणून पुट्टीने भरून घासावेत. रेझिनचे भाग वापरत असाल तर ते ओलेच घासावेत आणि मास्क लावावा. ती धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे.

रंग

नळी, ढाल, गाडा आणि चाके वेगवेगळी रंगवावीत आणि शेवटी जोडावीत. नाहीतर ढालीमागे ब्रश पोहोचत नाही. जोडणीच्या खुंट्यांवर टेप लावून त्या रंगापासून मोकळ्या ठेवाव्यात. प्रायमरचा पातळ, सलग थर आवश्यकच आहे, कारण एकाच तोफेत प्लास्टिक, पितळ आणि ॲल्युमिनियम असते आणि प्रत्येकावर रंग वेगळा बसतो. एअरब्रशने १५ ते २० पीएसआय दाबावर पातळ केलेल्या रंगाचे तीन-चार हलके हात जाड एका हातापेक्षा कधीही चांगले. एअरब्रश नसेल तर रुंद, मऊ ब्रशने पातळ रंगाचे थर देऊनही उत्तम काम होते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वाफांसाठीचा मास्क वापरावा.

रंगाची निवड काळावर अवलंबून असते. जर्मन तोफा १९४३ च्या सुरुवातीपर्यंत गडद राखाडी रंगाच्या होत्या. फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा हा मूळ रंग झाला आणि त्यावर तांबूस तपकिरी व ऑलिव्ह हिरवे पट्टे देण्यासाठी सैन्याच्या तुकड्यांना रंगाची घट्ट पेस्ट पुरवली गेली. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून जागेवरच फवारली किंवा फासली जाई, त्यामुळे पट्ट्यांचा गडदपणा आणि आकार तुकडीगणिक निराळा दिसतो. फिकट, विरळ पट्टा ही इथे चूक ठरत नाही. सोव्हिएत तोफा बहुतेक एकरंगी हिरव्या असत आणि हिवाळ्यात त्यांवर धुऊन निघणारा पांढरा रंग फासला जाई. अमेरिकन तोफा ऑलिव्ह ड्रॅबमध्ये असत, आणि ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये तशाच छटेचा हिरवा मूळ रंग स्वीकारला.

झीज आणि मळ दाखवताना पुन्हा यंत्राकडेच वळावे लागते. ब्रीचचा सरकणारा ठोकळा आणि नळीच्या मागे-पुढे सरकण्याच्या घासपट्ट्या या उघड्या, तेल लावलेल्या पोलादाच्या असतात. त्या चकचकीत धातूच्या रंगात दाखवाव्यात आणि त्यांवर गंज किंवा चिखल दाखवू नये, कारण तिथे साचलेली माती तोफ निकामी करते आणि तोफची त्या जागा सतत पुसत असत. हातचाकांच्या मुठी हाताच्या घर्षणाने उघड्या पडतात. फाळांवरचा रंग जमिनीत रुतून निघून जातो. ट्रेलच्या ज्या भागावर पाय पडतो तिथे झीज असते आणि अनेकदा तिथेच वाळलेली मातीही असते. ढालीच्या समोरच्या बाजूला ओरखडे थोडे, धूळ जास्त. मझल ब्रेकवर काजळीचा फिकट थर पुरे. काळाकुट्ट रंग लावल्यास तो भाग छापील वाटू लागतो.

क्रम असा ठेवावा: मूळ रंग, मग चकचकीत पारदर्शक वॉर्निश, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे), पुन्हा वॉर्निशचा हात, त्यानंतर इनॅमल किंवा तैलरंगाचा पातळ वॉश, जो रिव्हेटांभोवती आणि सांध्यांत थांबतो. मूळ रंग ॲक्रिलिक असल्यास इनॅमलचा पातळक त्याला इजा करत नाही. इनॅमलवर इनॅमल वॉश दिला, तर खालचा रंग उचलला जाण्याची भीती असते. वॉश वाळल्यावर मॅट वॉर्निश आणि सर्वांत शेवटी धुळीसाठी पिगमेंट, म्हणजे कोरडी रंगपूड. उघडे पोलाद दाखवायचे भाग मॅट वॉर्निशनंतर रंगवावेत, म्हणजे त्यांची चकाकी मरत नाही.

दारूगोळा, तोफची आणि जमीन

तोफेशेजारी ठेवलेला दारूगोळा चुकीचा असेल, तर बाकीची मेहनत झाकोळते. पाक ४० आणि ८८ मिमी तोफेचा गोळा व पितळी पुंगळी एकसंध असते. २५ पौंडीत मात्र आधी सुमारे ११.३ किलोचा गोळा आत ठासला जाई आणि नंतर दारूची पुंगळी वेगळी भरली जाई, म्हणून तिथे गोळे आणि पुंगळ्या वेगवेगळ्या रचाव्यात आणि एका तोफचीच्या हाती दोन्ही जोडून देऊ नये. युद्धाच्या उत्तरार्धात पितळेच्या टंचाईमुळे जर्मन पुंगळ्या पोलादाच्याही असत. त्यांना पितळी सोनेरी रंगाऐवजी लाखेची तपकिरी झाक द्यावी. वापरलेल्या पुंगळ्यांच्या तोंडाशी आतून थोडी काजळी लावावी आणि त्या ब्रीचच्या मागे, तोफचींच्या पायांत येणार नाहीत अशा बाजूला टाकाव्यात.

२५ पौंडीचा संच ६ जणांचा असे. नेम धरणारा डाव्या बाजूला बसे आणि संचप्रमुख मागे ट्रेलपाशी असे. आकृत्या चिकटवण्याआधी प्रत्येकाचा हात त्याच्या कामाच्या भागापर्यंत खरोखर पोहोचतो का, हे कोरडे लावून पाहावे. गरज पडल्यास कोपरातून हात कापून, आत तारेचा तुकडा घालून, पुट्टीने नवा कोन द्यावा.

जमीन शक्यतो तोफेआधी आकारात आणावी. कठीण फोमवर पातळ पुट्टी किंवा टेक्श्चर पेस्ट पसरावी आणि ती ओली असतानाच चाके व फाळ तिच्यात दाबून ठसे घ्यावेत. बार काढलेल्या तोफेचे फाळ मागे सरकून रुतलेले असतात, तेव्हा त्यांच्या मागे मातीचा छोटा उंचवटा आणि पुढे मोकळी खाच राहते. २५ पौंडी चबुतऱ्यावर असेल, तर ट्रेलच्या टोकाने मातीत वर्तुळाचा कंस ओढलेला दाखवावा. पेस्ट वाळली की दोन्ही चाकांच्या तळाशी १ मिमीचे भोक पाडून तारेचे खुंट बसवावेत, त्यांच्यासाठी जमिनीत जुळणारी भोके करावीत आणि तोफ इपॉक्सीने पक्की करावी, कारण नुसत्या वॉर्निशवर चिकटवलेली जड धातूची नळी असलेली तोफ हलवताना पहिल्यांदा चाकांपाशीच सुटते.